कंपनीचा बायोडेटा कुठे आहे?

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक आणि आयटीआयच्या ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसरांना खुलं पत्र

आदरणीय सर आणि मॅडम,


ड्राइव्हच्या आदल्या आठवड्यात तुमच्या खोलीबाहेर काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. रेझ्युमेच्या प्रिंट, दहावी-बारावीच्या मार्कशीटच्या झेरॉक्स, आधार, पॅन, पासपोर्ट साइझ फोटो. साठ टक्क्यांच्या खालच्यांनी रांगेत उभंच राहायचं नाही. मध्ये वर्ष वाया गेलं असेल तर त्याचं कारण लेखी द्यायचं. पुढे निवड झाली की कंपनीने नेमलेली एजन्सी पत्ता तपासते, विद्यापीठाकडून मार्कशीटची खातरजमा करते, आधी कुठे नोकरी केली असेल तर पीएफची सर्व्हिस हिस्ट्री मागवून तारखा जुळतात का ते बघते. यात गैर काही नाही. पगार देणारा पारखून घेणारच.

मग त्याच नोटीस बोर्डवर कंपनीबद्दल काय लागतं? नाव, लोगो, पद, पॅकेज आणि 'रिपोर्टिंग टाइम सकाळी साडेआठ'. कंपनी कधी स्थापन झाली, तिथे किती माणसं कामाला आहेत, पगार वेळेवर होतो का, आपल्या कॉलेजातून आधी गेलेली मुलं अजून तिथेच आहेत का, यातलं एक अक्षर नसतं.

मी वाळूज औद्योगिक वसाहतीत लहान-मध्यम कारखान्यांचं पीएफ-ईएसआयचं काम बघतो. कोणाचं चलन पंधरा तारखेच्या आत भरलं गेलं आणि कोण 'या महिन्यात जरा सांभाळून घ्या' म्हणतंय, यावर लक्ष ठेवणं हाच माझा धंदा. त्यामुळे कंपन्यांची जी बाजू तुमच्या सेमिनार हॉलमधल्या प्रेझेंटेशनमध्ये दिसत नाही, ती मला रोज दिसते. आणि ती बघायला पीएफ सल्लागार असावं लागत नाही, म्हणून हे पत्र.

मध्यंतरी एक मुलगा वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. मेकॅनिकलचा डिप्लोमा, कॉलेजच्या ड्राइव्हमधून लागलेला. सॅलरी स्लिपवर दरमहा १,८०० रुपये पीएफ कापलेला, पासबुकात मात्र पहिल्या चार महिन्यांनंतर एकही नोंद नाही. पगार दोन महिने थकलेला. नोकरी सोडतो म्हटलं तर बाँडप्रमाणे दीड लाख भर, असं उत्तर. आणि जॉइनिंगच्या दिवशी सही करून घेतलेला कोरा चेक त्यांच्या कपाटात. वडिलांना मी विचारलं, जाण्याआधी कंपनीची काही माहिती काढली होती का? ते म्हणाले, "कॉलेजनं आणलेली कंपनी म्हटल्यावर आम्ही काय इचारणार?" हेच गृहस्थ सेकंडहँड स्प्लेंडर घेताना ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेतात. इथे नेला नाही, कारण ते काम तुम्ही केलंय असं त्यांनी धरलं होतं.

मी त्यांच्यासमोरच ईपीएफओच्या संकेतस्थळावरचं 'एस्टॅब्लिशमेंट सर्च' हे पान उघडलं. त्याला लॉगिन लागत नाही. कंपनीचं नाव टाकायचं, खालची वेडीवाकडी अक्षरं भरायची, की त्या नावाशी जुळणाऱ्या आस्थापनांची यादी येते. पत्ता बघून आपली निवडायची आणि पेमेंटचा तपशील उघडायचा. समोर तक्ता येतो: कोणत्या महिन्याच्या पगाराचा पीएफ, रक्कम किती, जमा कोणत्या तारखेला झाली आणि ती किती कर्मचाऱ्यांची. या कंपनीच्या तक्त्यात तीन-तीन महिन्यांचे भरणे एकाच तारखेला केलेले होते. कर्मचाऱ्यांचा आकडा ८४ वरून घसरत ३१ वर आलेला. मग शेवटची नोंद, आणि त्यापुढे काहीच नाही. मुलगा बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. तीन-तीन महिन्यांचे ते भरणे त्याने ऑफर स्वीकारली त्याच्या आधीचे होते. तेव्हाही ते कोणालाही, फुकट दिसत होते. त्याच्या कॉलेजने त्याच कंपनीला पुढच्या बॅचसाठीही बोलावलं होतं, हे नंतर कळलं.

पगारातून कापलेला पीएफ न भरणं कायद्याच्या दृष्टीने विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे. तक्रार केलीच. पण तक्रार हे नंतरचं औषध आहे, आणि मी बोलतोय ते आधीबद्दल.

हा तक्ता आंधळेपणाने वाचायचा नाही, हेही मुलांना शिकवावं लागेल. ठेकेदाराकडची माणसं ठेकेदाराच्या कोडखाली दिसतात. 'कन्सल्टंट' म्हणून घेतलेल्यांचा पीएफ नसतो, त्यांच्या बिलातून टीडीएस जातो. वीसपेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेला हा कायदा सहसा लागत नाही. ज्याचं पीएफसाठी धरायचं वेतन १५,००० रुपयांच्या वर आहे आणि जो आधी कधी सभासद नव्हता, तो बाहेर राहू शकतो. काही मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे पीएफ ट्रस्ट असतात, तिथे हिशेब वेगळा. म्हणजे 'आमची पाचशे जणांची टीम' म्हणणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात २३ दिसले तर ती लगेच खोटी ठरत नाही. पण इंटरव्ह्यूच्या शेवटी 'एनी क्वेश्चन्स?' म्हणतात, तेव्हा आपली मुलं मान हलवून उठतात. त्या वेळी विचारायला एक नेमका प्रश्न हाती येतो. सर, बाकीचे कोणाच्या पेरोलवर आहेत?

दुसरं ठिकाण कंपनी व्यवहार मंत्रालयाचं. कंपनी कायद्यानुसार प्रत्येक कंपनीला आपल्या लेटरहेडवर नोंदणीकृत पत्ता आणि सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, छापावा लागतो. ऑफर लेटरवर 'प्रायव्हेट लिमिटेड' आहे पण सीआयएन नाही, तर तिथेच थांबून विचारावं. हा २१ अक्षर-आकड्यांचा क्रमांक बरंच बोलतो. पहिलं अक्षर 'एल' असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, 'यू' असेल तर नाही. पुढचे पाच आकडे व्यवसायाचे, मग राज्याची दोन अक्षरं, मग स्थापनेचं साल. प्रेझेंटेशनमध्ये 'पंधरा वर्षांची परंपरा' आणि क्रमांकात २०२३, अशा जोड्या मी पाहिल्यात. कधी त्याला सरळ कारण असतं, आधी भागीदारी फर्म असते आणि नंतर कंपनी होते. पण ते कारण त्यांच्या तोंडून यावं.

हा क्रमांक मंत्रालयाच्या पोर्टलवर टाकला की कंपनीची सद्यःस्थिती दिसते: चालू आहे, की नोंदवहीतून नाव काढलंय, की दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू आहे. भाग भांडवल, संचालक, शेवटची वार्षिक सभा आणि शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा, हेही कळतं. बहुतेक माहिती फुकट आहे, फार तर नावनोंदणी करावी लागते. ताळेबंदासारखी कागदपत्रं बघायची तर १०० रुपये. शेवटचा ताळेबंद तीन वर्षांपूर्वीचा असेल तर त्या कंपनीत काहीतरी बिनसलंय. वर्षानुवर्षं हिशेब न देणाऱ्या दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावं सरकारने २०१७ मध्ये एका झटक्यात नोंदवहीतून काढली होती. त्यातल्या अनेक नुसत्या कागदावरच होत्या, हे मान्य. पण कागदावरची कंपनीही ऑफर लेटर छापू शकते.

हे सगळं किरकोळ कंपन्यांपुरतं आहे, नाव मोठं असलं की चौकशी नको, असं तुमच्यापैकी कोणी म्हणेल. बायजूज आठवा. कॅम्पसमधून मुलं घेणारी, क्रिकेटच्या राष्ट्रीय संघाच्या जर्सीवर झळकलेली कंपनी. २०२०-२१ चे तिचे हिशेब ते वर्ष संपल्यावर तब्बल दीड वर्षाने, सप्टेंबर २०२२ मध्ये आले आणि त्यात ४,५८८ कोटींचा तोटा निघाला. जून २०२३ मध्ये ऑडिटरने राजीनामा दिला. पुढचे हिशेब मिळत नाहीत हे त्याचं कारण होतं. त्याच सुमारास तीन संचालकही बाहेर पडले. पगार रखडल्याच्या बातम्या २०२४ च्या सुरुवातीला आल्या आणि त्याच वर्षी जुलैमध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या दारात गेलं. तोट्याचा आकडा आणि दिवाळखोरी यांत पावणेदोन वर्षांपेक्षा जास्त अंतर होतं. या काळात ऑफर हातात असलेल्या मुलाला 'ऑडिटर का सोडून गेला?' एवढं विचारायला कोणी शिकवलं असतं तर त्याने तिथे जायचं की नाही हे उघड्या डोळ्यांनी ठरवलं असतं. गेला असता तरी हरकत नव्हती.

शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांबाबत तर चौकशीची चंगळ आहे. बाजारमूल्याने पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या नियमानुसार वार्षिक अहवालासोबत बीआरएसआर नावाचा अहवाल द्यावा लागतो. नाव रुक्ष आहे आणि पानं कंटाळवाणी. पण कायम नोकरीतली किती टक्के माणसं वर्षभरात सोडून गेली, हे त्यात तीन वर्षांचं मिळतं. पुरुष आणि स्त्रिया यांचा मध्यम पगार, कामावर झालेले अपघात आणि मृत्यू, लैंगिक छळाच्या तक्रारी, सगळे आकडे त्यात कंपनीच्याच सहीने असतात. एचआरच्या गोड बोलण्यापेक्षा मला हे टेबल जास्त विश्वासार्ह वाटतं. मुलींसाठी आणखी एक: दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती असावी, हा २०१३ चा कायदा आहे. समितीवर कोण आहे, हा प्रश्न विचारल्यावर समोरचा किती वेळ चाचपडतो, तेवढ्यावरून पुष्कळ कळतं.

मालकी किंवा भागीदारीतली फर्म कंपनी नोंदवहीत सापडणार नाही. तिथे जीएसटी क्रमांक मागायचा. तो पोर्टलवर टाकला की नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि रिटर्न भरले जातात की नाही ते दिसतं. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, गोव्याचा ३० ने.

मुलं मात्र ग्लासडोअर किंवा अँबिशनबॉक्सवरचे तारे बघतात आणि तिथेच थांबतात. ताऱ्यांचं मला फारसं कौतुक नाही. पाच तारे एचआरच्या सांगण्यावरून पडतात, एक तारा रागाच्या भरात. तीन ताऱ्यांचं वाचावं, त्यात माणूस तोलून बोलतो. आणि तारखा बघाव्यात: एकाच आठवड्यात 'ग्रेट कल्चर'चे डझनभर शेरे आले असतील तर ते कल्चर कुठून आलं ते उघड आहे. त्यापेक्षा शिफ्ट सुटायच्या वेळी कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर अर्धा तास बसावं. तिथे पगाराची तारीख, ओव्हरटाइमचा दर, कोणता मॅनेजर शिव्या देतो आणि गेल्या महिन्यात किती जणांना 'ब्रेक' दिला, हे कटिंग चहाच्या किमतीत समजतं. टपरीवाल्याची उधारी वाढली की मला कळतं, आत पगार लांबलेत.

परदेशाचं थोडक्यात सांगतो, पण आयटीआयवाल्यांनी हे कान देऊन ऐकावं. रत्नागिरी-रायगडकडून आखातात जाणारी मुलं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि तिकडे पाठवणारा एजंट नोंदणीकृत आहे का हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. त्याला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. डेटा एंट्रीच्या, कॉल सेंटरच्या नोकरीचं आमिष दाखवून नेलेल्या आणि म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. टुरिस्ट व्हिसावर नोकरीला नेणारा कोणीही असो, नातेवाईक असला तरी, त्याला दारातूनच परत पाठवावं.

आता तुमची बाजू. ती मला कळत नाही असं नाही. तुम्ही म्हणाल, आधीच कंपन्या येईनात, त्यात आम्ही त्यांचे कागद मागायला लागलो तर जवळच्या कॉलेजात जातील. व्यवस्थापनाला फ्लेक्सवर आकडा हवा आणि एनआयआरएफच्या तक्त्यात तुमचे 'प्लेस्ड' विद्यार्थी आणि त्यांचा मध्यम पगार मोजला जातो. त्यात तुम्ही एकटे, शिवाय आठवड्याची लेक्चर्स वेगळीच.

पण कागद मागितल्याने कंपनी बिथरते, हे मला पटत नाही. आमच्या वसाहतीत एखाद्या मोठ्या कारखान्याला माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराचं बिल पीएफ-ईएसआयचं चलन जोडल्याशिवाय पास होत नाही. सुट्टे भाग पुरवणाऱ्याला व्हेंडर कोड हवा तर पॅन, जीएसटी, बँकेचा रद्द चेक, ताळेबंद, सगळं द्यावं लागतं, आणि तो निमूट देतो. गेटवरच्या वॉचमनच्या बिलासाठी जे चलन दर महिन्याला निघतं, तेच तुमच्या मुलांसाठी एकदा दाखवायला कोणत्या सरळ कंपनीची हरकत असेल? आणि जिची असेल, तिचं नाव तुमच्या फ्लेक्सवरून गळालेलं बरं. नवी, दहा जणांची कंपनी असेल, तिच्याकडे दाखवायला फार काही नसेल, तर तसंच लिहा. धोका माहीत असून घेणं आणि धोका माहीतच नसणं यांत फरक आहे, आणि विशीतल्या मुलाने पहिला प्रकार खुशाल करावा.

वेळेचं म्हणाल तर हे काम तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडे द्या. एका कंपनीला तासभर पुरतो. स्वतःच्या पाळीआधी वर्षभर दुसऱ्यांसाठी कंपन्या तपासलेला मुलगा फसवायला अवघड असतो.

तर मागणी एवढीच की ड्राइव्हच्या आठ दिवस आधी प्रत्येक कंपनीचा एक पानी बायोडेटा बोर्डावर लावा. त्यावर कायदेशीर नाव, सीआयएन किंवा जीएसटी क्रमांक, पीएफ कोड, गेल्या बारा महिन्यांत पीएफ कोणत्या तारखांना आणि किती जणांचा भरला, एवढं असावं. नोकरी कोणाच्या पेरोलवर, कंपनीच्या की ठेकेदाराच्या, तेही. बाँड असेल तर किती वर्षांचा, किती रकमेचा, आणि मूळ प्रमाणपत्रं किंवा कोरा चेक मागतात का. 'बाँडला कोर्टात काही किंमत नसते' असं मुलांना कृपा करून सांगू नका. एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवला आहे. पॅकेज लिहिताना शेजारी हातात येणारी रक्कमही लिहा. सहा लाखांच्या सीटीसीत साठ हजार व्हेरिएबल, वर कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि विम्याचा हप्ता धरलेला असेल तर महिन्याला चाळीस हजारांच्या आतबाहेरच पडतात. वडील मात्र सहाला बाराने भागून पन्नास हजारांच्या हिशेबाने कर्जाचा हप्ता ठरवतात.

आणि या पानावरची शेवटची ओळ फक्त तुम्हीच भरू शकता. मागच्या तीन बॅचमधून या कंपनीने किती जणांना ऑफर दिली, प्रत्यक्ष किती रुजू झाले, वर्षानंतर किती टिकले. ऑफर आणि जॉइनिंग एक नव्हे, हे २०२२ च्या बॅचने भोगलंय. आयटीतल्या मोठ्या नावांची पत्रं हातात घेऊन कित्येक मुलं वर्ष-दीड वर्ष, काही जण त्याहूनही जास्त, घरी बसली होती आणि कॉलेजांच्या दप्तरी ती 'प्लेस्ड'च होती. ही माहिती कुठल्या पोर्टलवर नाही. ती तुमच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहे, आणि त्या ग्रुपचे अॅडमिन बहुतेक वेळा तुम्हीच असता.

छत्रपती संभाजीनगर आणि जालन्यातल्या ज्या कॉलेजांना हे तक्ते वाचायला शिकून घ्यायचं असेल तिथे मी येईन, मानधन नको. प्रोजेक्टर आणि बऱ्यापैकी इंटरनेट ठेवा. तारीख महिन्याच्या पंधरा तारखेनंतरची द्या, आणि लेक्चर सकाळचं पहिलं. दुपारनंतर ईपीएफओचं पोर्टल फार रेंगाळतं.

आपला,
वाळूजमधला एक पीएफ सल्लागार